दोन तोंडांचा शेजारी

आमच्या परसाच्या भिंतीपलीकडे एक शेजारी राहतो. त्याला तोंडं दोन, पोट एक, आणि स्वतःचे पाय नाहीत. वर्षातले बरेच महिने तो ओसरीतल्या खुंटीला पाठ लावून गप्प असतो. नाव मांदर.

मध्य प्रदेशातल्या आमच्या बैहरात नवीन बदलून आलेला माणूस त्याला ढोल म्हणतो. त्याच्या मालकाला ते खपत नाही. मालक गोंड, शेतकरी, बोलायला सौम्य. पण मांदराला कोणी ढोल म्हटलं की तो तसाच सौम्यपणे दोनदा दुरुस्त करतो आणि तिसऱ्यांदा विषय बदलतो.

या मांदराचं पोट मातीचं आहे, भाजलेल्या मातीचं. लाकडी खोडाचेही असतात, पण हा कुंभाराच्या घरचा. मधे फुगीर, दोन्ही टोकांना निमुळता. एक तोंड मोठं, एक लहान. दोन्हींवर चामडं, आणि ते आवळून धरायला पोटावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेल्या वाद्या. अंगावर इतक्या वाद्या करकचून बांधल्या असताना कोणाचाही स्वभाव तापट झाला असता. याचा उलट थंड आहे. थंड म्हणजे अक्षरशः. श्रावणात हवेतली ओल चामड्यात शिरते, चामडं सैल पडतं, आणि थाप मारली तर ओल्या पोत्यावर मारल्यासारखा आवाज येतो. एकदा मी हौसेनं हात टाकला, तेव्हा मालक म्हणाला, ‘ठंडा है. अभी नहीं बोलेगा.’ मग काटक्या पेटवून दोन्ही तोंडं आळीपाळीनं शेकली. मधून मधून टिचकी मारून कान लावायचा, डॉक्टर पेशंटची छाती बोटांनी वाजवतात तसा. ओल उडाली, चामडं ताणलं गेलं, आणि तो बोलला.

मातीचा असल्यामुळे पडणं त्याला परवडत नाही. पडला की संपला. म्हणून घरातली पोरं झाडावर चढली तर कोणी ओरडत नाही, मांदराच्या खुंटीकडे सरकली तर ओरडतात.

दोन तोंडांपैकी लहान तोंड बडबडं. ते टोमणे मारतं, मधेच घाई करतं, नाचणाऱ्या बायांच्या ओळीला चिडवतं. मोठं तोंड कमी बोलतं, पण वाट तेच दाखवतं. मला बरीच वर्षं वाटायचं की ही आपली कल्पना. मग २०१४ साली कॅनडातल्या संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला, तो वाचला. त्यांनी लोकांना एकाच वेळी दोन सूर ऐकवले, एक वरचा, एक खालचा, एका ठेक्यात. मधूनच यातला एखादा सूर सेकंदाचा विसावा भाग लवकर सोडायचे. वरचा सूर चुकला तर मेंदू थोडा दचकायचा; खालचा चुकला तर जास्त. बोटांनी ताल धरायला सांगितलं तर बोटंही खालच्या सुराच्या चुकीमागे जास्त ओढली जायची. याचं मूळ थेट कानाच्या आतल्या शंखात, म्हणजे विचार सुरू होण्याच्या आधीच, असावं असं त्यांचं गणित सांगतं. जगात जिथे तिथे ठेका जाड आवाजाकडे सोपवलेला असतो, तो का, याचं हे एक उत्तर. मालकाला हे सांगितलं. त्याने मोठ्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाला, ‘ये तो बड़ा है न.’ त्याच्या लेखी विषय तिथे संपला.

बैहर बालाघाटहून वर. गांगुलपाऱ्याचा घाट चढायचा, उकव्याच्या मँगनीज खाणी मागे टाकायच्या, आणि मैकलच्या पठारावर यायचं. पुढे मुक्कीच्या फाटकातून कान्हाचं जंगल. वाघ बघायला येणाऱ्या जीपगाड्या बैहरातून धूळ उडवत जातात. मांदर बघायला कोणी थांबत नाही, आणि तो बघायचा पदार्थही नाही. आमचं घर मूळ भंडाऱ्याकडचं. आजोबा आले तेव्हा नागपूर, भंडारा, बालाघाट सगळं एकाच प्रांतात होतं. १ नोव्हेंबर १९५६ ला रेघ पडली आणि आम्ही न हलता परराज्यातले झालो. घरात मराठी, बाजारात हिंदी. मांदर मात्र भिंतीपलीकडून दोन्हींच्या खालून यायचा. लहानपणी रात्री दिवा मालवल्यावर गोधडीत माझा अंगठा हलत असायचा. आई म्हणायची, ‘पाय हलवू नको, झोप.’ मी हलवत नव्हतो.

हे खोटं नव्हतं, असं आता म्हणता येतं. २००७ साली केंब्रिजमध्ये जेसिका ग्रान आणि मॅथ्यू ब्रेट यांनी माणसांना स्कॅनरच्या नळीत निजवलं, मुळीच हलायचं नाही अशी ताकीद दिली, आणि ताल ऐकवले. ज्या तालात ठेका स्पष्ट होता, तो ऐकताना मेंदूतले हालचाल ठरवणारे भाग जागे झाले. खोल तळाशी असलेला बेसल गँग्लिया हा पेशींचा पुंजका विशेष. माणूस ओंडक्यासारखा निपचित, आणि आत नाचाची तयारी. त्याच्याही आधीचं टोक २००९ मध्ये बुडापेस्टला सापडलं. दोन-तीन दिवसांची झोपलेली बाळं, डोक्याला तारा, कानाशी ड्रमचा साधा ठेका. त्यातली समेची थाप मुद्दाम गाळली की बाळाच्या मेंदूत लहर उठायची. जे वाजलंच नाही ते त्या बाळांना ऐकू आलं. म्हणजे पुढची थाप कधी पडणार याचा हिशेब बाळ जन्मासोबतच घेऊन आलेलं.

आमच्या शेजाऱ्याला हे फार पूर्वीपासून ठाऊक असावं, कारण थाप गाळणं हा त्याचा आवडता खट्याळपणा. करमा नाच रंगात आलेला असतो. अंगणात पेटता ओंडका, एकमेकींच्या कमरेमागून हात गुंफलेल्या बायांची ओळ, समोर गडी. टिमकीवर दोन काड्यांचा तडतडाट, ठिसकीचा टकटकाट, आणि मधोमध हा, गळ्यात अडकवलेला. सगळ्यांचे पाय एकत्र पडतात. अशात तो एक थाप खातो. पाऊल उचललेलं, हवेत, आणि खाली जमीन नाही. अर्ध्या श्वासापुरती सगळी ओळ त्याच्या ताब्यात. मग तो मोठ्या तोंडानं जमीन परत देतो, आणि बाया खळखळून हसतात. मी एकदा पहाटेपर्यंत बसलो होतो. एक म्हातारी, दिवसा गुडघे धरून चालणारी, ओळीतून बाहेर पडलीच नाही. ब्राझीलमध्ये २०१५ साली शाळकरी मुलांना गटात नाचवून पाहिलं होतं: एकतालात हललेल्या मुलांची वेदना सोसण्याची मर्यादा वाढली आणि सोबतच्यांविषयी जवळीकही. म्हातारीला विचारलं, गुडघे दुखत नाहीत का? ती म्हणाली, ‘कल दुखेंगे.’

या डोंगरांतली गाणी कागदावर आली आहेत. इंग्रज अभ्यासक व्हेरिअर एल्विन आणि त्यांचे सोबती शामराव हिवाळे १९३२ साली पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघातून निघून मंडल्याच्या बाजूला राहायला आले. शामराव मराठी माणूस. एल्विनच्या सावलीत त्यांचं नाव आपल्याकडेही फारसं कोणी घेत नाही, याची मला थोडी चीड आहे. दोघांनी १९४४ साली मैकल टेकड्यांतल्या लोकगीतांचा इंग्रजी ग्रंथ काढला. शब्द आले, अर्थ आले, प्रेम, भूक, दारोगा, जंगल, सगळं आलं. मांदर येऊ शकला नाही. त्याच्या बोलण्याला अर्थच नसतो, मग भाषांतर कशाचं करणार?

हे मी इतकं बारकाईनं सांगतोय त्याला कारण आमचे आप्पा, माझे काका. शाळेत मास्तर होते. सहा वर्षांपूर्वी हातात थरथर आली, नागपूरच्या डॉक्टरांनी कंपवात सांगितला. थरथर परवडली, पण दुसरीच गोष्ट सुरू झाली. आप्पा मोकळ्या अंगणात चालायचे आणि उंबऱ्यापाशी येऊन थिजायचे. पाऊल जमिनीला खिळल्यासारखं. ‘पुढे व्हा ना,’ असं आम्ही म्हणायचो, आणि त्यांना पुढे होताच यायचं नाही. या आजारात डोपामाइन बनवणाऱ्या पेशी कमी होत जातात, आणि बेसल गँग्लियाचं आतलं घड्याळ मागे पडतं. चाल ही मुळात ठेकाच. आतून ठेका येईना.

एका संध्याकाळी, कुठल्याशा लग्नाच्या आदल्या दिवशी, मालक शेकलेला मांदर जुळवत बसला होता. धुं… टक, धुं… टक, एवढंच. आप्पा उंबऱ्यापाशी अडकलेले. आणि मोठ्या तोंडाच्या एका थापेवर त्यांचा उजवा पाय पलीकडे पडला. दुसऱ्या थापेवर डावा. ते अंगणात येऊन उभे राहिले आणि आमच्याकडे असं पाहायला लागले, जणू कोणीतरी पाठीमागून ढकललं.

पुढे मी शोधलं. मायकेल थाउट नावाच्या संशोधकाने १९९६ साली अमेरिकेत कंपवाताच्या रुग्णांना तीन आठवडे ठेका ऐकत चालायला लावलं होतं. त्यांचा वेग वाढला, पावलं लांब पडू लागली. बाहेरचा ठेका आतल्याची जागा घेतो. आजार बरा होत नाही, थरथर राहते, चालीपुरता हात धरला जातो. आता डॉक्टरही याला उपचारात जागा देतात. मी मोबाइलवर टकटक करणारं ॲप घालून दिलं. आप्पांनी चार दिवस वापरलं. पायाला चालतं म्हणाले, मनाला चालत नाही. ‘घड्याळाच्या मागे जाऊ काय मी?’

लग्नात डीजेचे खोकेही येतात. जाड आवाजाची चावी त्यांनाही सापडली आहे, पण ते ती कुलपात फिरवत नाहीत, दारावर आपटतात. त्या रात्री आप्पा कानात कापूस घालून बसतात आणि पाऊल काही सुटत नाही.

मालक आता संध्याकाळी, हात रिकामा असला तर, भिंतीपलीकडून विचारतो, ‘गुरुजी, चलना है क्या?’ आणि पाच-दहा मिनिटं वाजवतो. गुरुजींना तो कधीच थाप गाळून चिडवत नाही. बाकी कोणालाही सोडत नाही.

हा श्रावण चाललाय. चार दिवस सूर्य नाही. मांदर जुन्या लुगड्यात गुंडाळून खुंटीवर, काटक्याही ओल्या. काल दुपारी आप्पा उंबऱ्याशी थांबलेले दिसले. मी धरायला उठणार, तेवढ्यात त्यांनी मांडीवर हात ठेवला, ओठ हलले. धुं… टक. जरा थांबले, पुन्हा धुं, आणि पाऊल पलीकडे गेलं.