गडग्यापाशी आलेला पाहुणा

कोकणातील घर एका दाराशी सुरू होत नाही. कुडाळ-मालवणकडच्या वाड्यांवर हिंडताना हे ध्यानी येते. आधी जांभ्या दगडांचा गडगा, मग सारवलेले खळे, त्यानंतर पडवी आणि सर्वांत आत माजघर. मुले मुंबईस गेल्यामुळे अशा कित्येक घरांत आता दोनच वृद्ध जीव उरले आहेत. तेथे एखादा बेवारस कुत्रा येऊन बसतो, तेव्हा घराची ही रचनाच त्याला किती जवळ करावे हे सुचविते.

अशाच एका घरी ऐंशीच्या घरातील आजोबांना मी पाहुण्याविषयी विचारले. "ऱ्हवलो तर ऱ्हवलो, गेलो तर गेलो," ते निर्विकारपणे उत्तरले. मात्र त्याच्यासाठी वाटीभर पेज त्यांनी आधीच बाजूला काढली होती. दोघांपुरते काय रांधायचे, म्हणून सकाळचेच रात्री उरकणाऱ्या आजीही आता वेळेवर चूल पेटवितात. कुणीतरी वाट पाहत आहे, एवढ्या जाणिवेने वार्धक्यातील दिवसाला आकार येतो. हा लाभ लहान नव्हे. म्हणूनच त्याला सावधपणाची जोड हवी.

पहिले काही दिवस पाहुणा गडग्याबाहेरच बरा. अन्न दुरून ठेवावे. खाताना किंवा झोपेत असताना त्याला स्पर्श करू नये. लाळ गळणे, झोकांड्या खाणे, अकारण चावू पाहणे, अशी लक्षणे दिसल्यास जवळ न जाता पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे. तेथून रेबीजची लस टोचून घेतल्यावरच त्याला खळ्यात घ्यावे आणि ती लस पुढे दरवर्षी द्यावी. गोचिडांचा बंदोबस्तही त्याच वेळी करावा.

पडवीत धोका दाताचा नसतो, पायात घुटमळण्याचा असतो. पहाटे अंधारात उठणाऱ्या वृद्धांसाठी पायरीशी दिवा आणि हाताशी काठी असावी. त्याची झोपण्याची जागा वाटेतून दूर असावी. रात्री त्याला उघड्या खळ्यात बांधू नये. बिबट्या कुत्र्याच्या मागावर वस्तीपर्यंत येतो. गोठ्याचा बंद कोपरा अधिक सुरक्षित. माजघर मात्र माणसांचेच असू द्यावे.

एवढे करूनही दात वा नख लागलेच, तर जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. हळद, चुना, तिखट यांपैकी काहीही लावू नये. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा सरकारी रुग्णालय गाठावे. वार्धक्यात त्वचा पातळ होते. किरकोळ वाटणारा ओरखडाही डॉक्टरांना दाखवावा आणि मधुमेह किंवा चालू औषधे असल्यास तेही सांगावे. ठरलेल्या दिवसांची एकही मात्रा चुकवू नये. रेबीजची लक्षणे उमटल्यावर रुग्ण वाचणे जवळजवळ अशक्य असते. वेळेवर घेतलेली लस मात्र प्राण वाचविते.

दूर राहणाऱ्या मुलांनी फोनवर "तो कुत्रा हाकलून द्या" असे सांगणे सोपे आहे. त्याऐवजी लसीची तारीख विचारावी, पडवीतील दिवा चालू आहे ना हे पाहावे आणि जमल्यास पशुवैद्यकास घरी बोलावण्याची सोय करावी. आईवडिलांच्या एकटेपणावर त्यांनी स्वतः शोधलेला उपाय मोडण्यापेक्षा तो सुरक्षित करणे, हीच खरी काळजी होय.