दीड किलोची लेन्स आणि नऊ फुटी ओटा

‘मरोळला राहतो,’ असे सांगितले की ऐकणारा हमखास विचारतो, ‘म्हणजे विमानतळाजवळ ना?’ विमानतळ जवळ आहे हे खरेच. २०१४ साली डोक्यावरून मेट्रो आली, २०२४ साली पायांखालूनही धावू लागली. पण या साऱ्या धावपळीच्या मधोमध एक जुने मरोळ अजून तग धरून आहे. मुख्य रस्ता सोडून गावठाणाच्या गल्लीत शिरावे. उतरत्या कौलांची दोनचार घरे, वळणावर फुलांचा हार घातलेला क्रूस आणि ओट्यावर तांदूळ निवडणारी एखादी म्हातारी दिसलीच म्हणून समजा.

ही वस्ती ईस्ट इंडियन मंडळींची. ख्रिस्ती असली तरी त्यांची बोली मराठीच. त्यांच्या पूर्वजांचे १५७९ सालचे चर्च आज सीप्झच्या आवारात पडक्या अवस्थेत उभे आहे. १८४० च्या सुमारास साथीने लोकांना तेथून उठवले आणि वस्ती मरोळात आली. वर्गात मी बोलींवर तास घेतो. तेव्हा रविवारी या गल्ल्यांतून हिंडणे हा अभ्यासाचाच भाग आहे, असे मी घरी सांगतो. सौभाग्यवतींचा त्यावर फारसा विश्वास नाही, कारण अभ्यासाला निघताना माझ्या गळ्यात वही नसते, कॅमेरा असतो.

या कॅमेऱ्यासाठी मी तीन वर्षांपूर्वी फोर्टात जाऊन एक मोठी लेन्स घेतली. सत्तर ते दोनशे मिलिमीटरची. घरी येताच सौ.ने ती स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली. काटा म्हणाला, १४९० ग्रॅम. ‘एवढ्यात दीड किलो कांदे आले असते,’ ती म्हणाली, ‘आणि तेही दहा ग्रॅम जास्त.’

ही लेन्स इतकी जड का, याचे गणित सोपे आहे. लेन्सवर जो २.८ असा आकडा असतो, त्याने तिच्या लांबीच्या आकड्याला भागले की प्रकाश आत येण्याच्या झरोक्याची रुंदी मिळते. दोनशेला २.८ ने भागा, एकाहत्तर मिलिमीटर झाले. एवढ्या रुंद झरोक्याला काचही तेवढीच जाड आणि रुंद लागते. शिवाय हात थरथरला तर फोटो हलतो, आणि लेन्स जितकी लांब पल्ल्याची तितका तो अधिक हलतो. म्हणून डावा तळहात कॅमेऱ्याखाली नव्हे, लेन्सखाली धरावा, दोन्ही कोपरे बरगड्यांना टेकवावेत आणि श्वास अर्धा सोडून बटण दाबावे. हे सारे मी मनापासून शिकलो. आरे कॉलनीतल्या तारेवर बसलेल्या खंड्याची चोच मी त्या लेन्सने अशी टिपली, की सौ.नेही तो फोटो दिवाणखान्यात लावू दिला.

मान दुखते अशी तक्रार एकदा केली, तर तिने होमाई व्यारावालांचे उदाहरण काढले. साडी नेसून, अवजड स्पीड ग्राफिक कॅमेरा वागवत त्या बाईंनी दिल्लीतला सत्तांतराचा काळ टिपला. ‘आणि तुम्हांला मरोळ झेपत नाही?’ मी गप्प बसलो. पण वजन मानेला बाधते त्याहून अधिक डोळ्यांना बाधते, हे मला पुढे कळायचे होते.

गल्लीतल्या एका आंटींशी माझी ओळख होती. उन्हाळ्यात त्यांच्या ओट्यावर बॉटल मसाल्याच्या मिरच्या वाळत. एक दिवस त्या म्हणाल्या, ‘मास्तर, माझा नि ओट्याचा एक फोटो काढा. पोरगी कुवेतला असते, तिला पाठवायचाय.’ ओट्याची एक पायरी फुटलेली होती. लहानपणी त्याच पायरीवर पडून पोरीने दात पाडून घेतला होता.

मी समोरच्या घराच्या भिंतीला पाठ लावली. मधले अंतर दहा फूट. ओटा नऊ फूट. माझ्या कॅमेऱ्यावर ती लेन्स दहा फुटांवरून जेमतेम सव्वातीन फूट रुंदीचे दाखवते. सारा ओटा मावायला मला अट्ठावीस फूट मागे, म्हणजे समोरच्यांच्या घरातून पार पलीकडे जावे लागले असते. मी आंटींचा चेहरा टिपला आणि म्हणालो, ‘ओट्याचा पुढच्या रविवारी काढू. छोटी लेन्स आणतो.’

पुढचा रविवार खंड्याकडे गेला. त्याच्या पुढचा परीक्षेच्या पेपरांकडे. पाऊस लागला. गणपतीनंतर मी गेलो, तेव्हा त्या जागी पत्रे ठोकले होते आणि आत घर पाडले जात होते.

नवा पत्ता शोधून मी त्यांच्या चौथ्या मजल्यावरच्या भाड्याच्या घरी गेलो. फोटो मोठा करून, चौकटीत बसवून नेला होता. डोळ्यांतली चमक, सुरकुती न् सुरकुती. फोटो खरोखर उत्तम होता. आंटींनी तो बराच वेळ पाहिला. मग म्हणाल्या, ‘चेहरा रोज आरशात दिसतो, मास्तर. ओटा कुठं?’

त्या महिन्यात मी चोवीस मिलिमीटरची चपटी लेन्स घेतली. वजन १२५ ग्रॅम. बिस्किटाच्या पुड्याएवढी आणि सदऱ्याच्या खिशात मावते. दहा फुटांवरून नऊ फुटी ओटा तीत बरोबर बसतो. तिने खंड्या टिपता येत नाही. तिच्या फोटोत तो डासाएवढा दिसतो. त्यासाठी मोठी लेन्स मी अजून बाळगतो आणि आरेला नेतोही. पण कोणती चांगली, असे विद्यार्थी विचारतात, तेव्हा मी आकडे सांगत नाही. एवढेच सांगतो, की रोज घराबाहेर पडताना जी कंटाळा न येता बरोबर येईल आणि जिच्यासमोर माणसाला त्याच्या घरासकट बसता येईल, ती.

गेल्या नाताळात आंटी जुन्या शेजारणीकडे आल्या होत्या. तिच्या ओट्यावर बसवून मी त्यांचा फोटो काढला. ओटा, कौले, दाराशी टांगलेला तारा, सारे आले. आंटींनी तो कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहिला, चष्मा पुसून पुन्हा पाहिला.

‘बरा आहे,’ त्या म्हणाल्या. ‘पण पायरी धड आहे ना. पोरगी ओळखेल.’