शेवटच्या प्रयोगानंतर

स्मरणिकेसाठी आठवणी लिहाव्यात असा निरोप आला, तेव्हा आम्हां वर्गमित्रांना प्रथम आठवले ते आमचे अंगुलिमालावरील नाटक. वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी निर्माण झाला. त्याच्या काही वर्षे आधीची, धनज अकोला जिल्ह्यात असतानाची ही गोष्ट.

तालमींच्या पहिल्या दिवशी गुरुजींनी आम्हांला प्रा. म. भि. चिटणीस यांच्या ‘युगयात्रा’ नाटकाविषयी सांगितले. औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयात १९५५ साली ते बाबासाहेबांसमोर सादर झाले होते. विद्यार्थ्यांचे नाटक पाहण्यास बाबासाहेब बसतात, या विचारानेच आमच्या अंगावर रोमांच उभे राहिले.

अंगुलिमालाची भूमिका वर्गातील सर्वांत अबोल मुलाला मिळाली. एरवी तो बोलताना अडखळत असे. रंगमंचावर मात्र त्याचा आवाज मोकळा होई. आम्ही काळ्या मातीची बोटे वळून, वाळवून त्यांची माळ ओवली. आईच्या जुन्या धोतराला रंग देऊन कोणी चीवर आणले. आम्ही उरलेले सारे श्रावस्तीचे ग्रामस्थ झालो. भिक्खू झालेल्या अंगुलिमालावर लोक दगड भिरकावतात आणि रक्तबंबाळ होऊनही तो शांत राहतो, हा आमचा प्रवेश. दगड कागदाचे होते, तरी फेकताना हात कचरत असे.

शेवटचा प्रयोग १४ एप्रिलच्या रात्री गावात झाला. टाळ्या थांबल्या, लोक सतरंज्या झटकून घरी निघाले आणि आम्ही कंदिलाच्या उजेडात कागदी दगड गोळा करीत राहिलो. माळेतील निम्मी बोटे फुटली होती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तालमीच्या वेळी पाय आपोआप सभागृहाकडे वळले. तेथे कोणीच नव्हते. ‘सर्व संस्कार अनित्य आहेत’ हे आम्ही रोज वंदनेनंतर ऐकत होतो. त्याचा अर्थ त्या रिकाम्या सभागृहात प्रथम कळला.

पण खरा शेवट पुढेच होता. जूनमध्ये शाळा उघडली, तेव्हा आमचा अंगुलिमाल परतला नाही. घरी वडील आजारी होते. तो कापसाच्या शेतात मजुरीला लागला, असे कळले. त्याचे गाव अवघ्या काही कोसांवर होते. तरीही आम्ही कोणी गेलो नाही. आज जाऊ, उद्या जाऊ, यातच दहावीचे वर्ष सरले.

पुष्कळ वर्षांनी तो कारंजाच्या बाजारात भेटला. बोलताना तो पुन्हा अडखळत होता. नाटकाचा विषय निघताच हसून म्हणाला, “सारं पाठ हाये गड्या अजून.” आम्हांला मात्र आमच्या प्रवेशातील एकही वाक्य आठवले नाही.

भगवंतांनी अंगुलिमालाला थांबण्यास सांगितले ते हिंसेपासून. आम्ही थांबलो ते मित्राची चौकशी करण्यापासून. नाटक संपणारच होते. त्याचे दुःख आता उरलेले नाही. उरली आहे ती ही चूक. म्हणून या वेळी मेळाव्याचे निमंत्रण आम्ही त्याला टपालाने पाठविणार नाही. सारे मिळून त्याच्या दारी जाणार आहोत. ज्यांच्या वर्गातील असा एखादा मित्र, एखादी मैत्रीण मध्येच गळली असेल, त्यांनीही हेच करावे, ही विनंती.