मोकळी बांधी

भंडारा जिल्ह्यात धानाच्या शेताला ‘बांधी’ म्हणतात. उन्हाळ्यात कोरडवाहू बांध्या मोकळ्या असतात. पण शेतकरी बसून राहत नाही हं! तो फुटलेले बांध नीट करतो, शेणखत टाकतो. संध्याकाळी एखाद्या बांधीत पोरांचा फुटबॉल रंगतो. मुलींनो, तुम्हीही उतरा!

भाताचाच मुलूख असलेल्या मणिपूरची बाला देवी २०२० च्या जानेवारीत स्कॉटलंडच्या रेंजर्स संघात गेली. युरोपातल्या क्लबशी व्यावसायिक करार करणारी ती पहिली भारतीय महिला फुटबॉलपटू. पण मार्चमध्ये करोनामुळे सामनेच थांबले! ऑक्टोबरमध्ये नवा हंगाम सुरू झाला आणि डिसेंबरात मदरवेलविरुद्ध तिचा पहिला गोल झाला.

खेळ थांबला, तरी तयारी थांबवायची नसते. मोकळ्या बांधीत राबणाऱ्या शेतकऱ्याला विचारा!