जुना संगणक : दुरुस्ती की निरोप?

वसतिगृहाने आम्हांस एक सवय लावली : वस्तू टाकण्यापूर्वी तिचा दोष नेमका ओळखावा. पवईतील आमच्या घरचा संगणक मंदावला, तेव्हा तीच उपयोगी पडली. नवा घेतला असता तर मुलीच्या शिकवणीसाठी राखलेली रक्कम खर्ची पडली असती.

तपासता दिसले की प्रोसेसर बहुधा रिकामाच असे. फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क मात्र अखंड राबत होती. तिच्या जागी हलते भाग नसलेली एसएसडी बसवली, चार जीबीची रॅम आठ केली. यंत्र पुन्हा चपळ झाले.

तरी एक प्रश्न उरलाच. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चे नियमित पाठबळ संपले. विंडोज ११ ला लागणारी टीपीएम २.० ही सुरक्षाव्यवस्था आमच्या यंत्रात नव्हती. सुरक्षा-सुधारणांवाचून इंटरनेट वापरणे धोक्याचे. म्हणून आम्ही लिनक्स स्वीकारले. पवईतीलच आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाचे मराठी पाठ पाहून मुलीने ते आम्हांस शिकवले.

ज्यांचा मदरबोर्डच निकामी झाला असेल, त्यांनी नवा संगणक अवश्य घ्यावा आणि जुना अधिकृत ई-कचरा केंद्राकडे सोपवावा. इतरांनी आधी कारण शोधावे, मगच खर्चाचा विचार करावा.