हवानाला न पोहोचलेले कागद

शासकीय नोकरीत चौतीस वर्षे घालविलेल्या माणसास कोणतीही कथा ऐकताना प्रथम तिच्यातील कागद दिसतो. आमचेही तसेच झाले आहे. इंदूरच्या आमच्या घरी चिरंजीवांनी एका संध्याकाळी ‘आफ्रोक्युबिझम’ नावाची ध्वनिमुद्रिका ऐकविली. सूर गोड होते, परंतु आमचे मन गुंतले ते तिच्या जन्मकथेत. कारण त्या कथेच्या मुळाशी एक अडकलेला कागद आहे.

मार्च 1996 मधील गोष्ट. पश्चिम आफ्रिकेतील माली देशाचे दोन वादक, गिटारवादक जेलिमादी तुंकारा आणि न्गोनी हे तंतुवाद्य वाजविणारे बासेकू कुयाते, हवाना येथील एग्रेम स्टुडिओत क्युबाच्या कलावंतांबरोबर वाजविणार होते. लंडनच्या वर्ल्ड सर्किट कंपनीचे निक गोल्ड यांनी हा बेत आखला होता. अमेरिकेचे गिटारवादक राय कूडर त्यासाठी येऊन दाखल झाले. स्टुडिओही ठरला होता. पासपोर्ट आणि व्हिसाच्या घोळामुळे मालीचे वादक मात्र पोहोचले नाहीत. तेव्हा हवानातल्याच जुन्या कलावंतांना घेऊन काम करावयाचे ठरले. त्यांत 88 वर्षांचे कोंपाय सेगुंदो होते, 76 वर्षांचे पियानोवादक रूबेन गोन्झालेस होते, आणि ज्यांच्यावर बूटपॉलिश करण्याची वेळ आली होती ते 69 वर्षांचे गायक इब्राहिम फेरेरही होते. त्यातून निघालेली ‘बुएना व्हिस्टा सोशल क्लब’ ही मुद्रिका 1997 साली प्रसिद्ध झाली आणि जगभर गाजली.

माली आणि क्युबा यांना एकत्र आणण्याचा बेत हा कुणाचा केवळ लहरी प्रयोग नव्हता. हे नाते फार जुने आणि तितकेच दुःखद आहे. पश्चिम आफ्रिकेतून लक्षावधी माणसे गुलाम म्हणून अटलांटिकपार नेली गेली. क्युबात ही प्रथा 1886 पर्यंत टिकली. त्या माणसांजवळचे सारे काही हिरावले गेले, पण अंगात मुरलेली लय कोणास काढून घेता आली नाही. क्युबाच्या संगीतात ‘क्लावे’ नावाच्या दोन लाकडी दांड्या असतात, आपल्या चिपळ्यांच्या दूरच्या भावंडांसारख्या. वाचकांनी बोटांवर तीनतालाच्या सोळा मात्रा मोजाव्यात आणि पहिल्या, चौथ्या, सातव्या, अकराव्या व तेराव्या मात्रेवर टाळी द्यावी. हवानाचा सारा डोलारा या पाच टाळ्यांवर उभा आहे, आणि हीच रचना घानासारख्या देशातही ऐकू येते.

पुढे हे संगीत समुद्र ओलांडून माघारी आले. 1933 पासून, आपल्या परिचयाच्या कुत्र्याच्या चित्राच्या एच.एम.व्ही. तबकड्यांवरून क्युबाची गाणी आफ्रिकेत विकली जाऊ लागली, आणि तिथल्या लोकांना ती परकी वाटलीच नाहीत. 1964 साली स्वतंत्र मालीने दहा तरुणांना संगीतशिक्षणासाठी हवानाला पाठविले. ‘लास माराविय्यास दे माली’ हा त्यांचा वाद्यवृंद. त्या वेळी कागद वेळेवर झाले होते, एवढे आमच्यासारख्यास नमूद करावेसे वाटते.

1996 मध्ये हुकलेली भेट अखेर माद्रिदमध्ये घडली आणि ‘आफ्रोक्युबिझम’ 2010 साली प्रसिद्ध झाली. तुंकारा व कुयाते तीत आहेतच. त्यांच्यासह तुमानी जाबाते यांचा कोरा आहे. अर्ध्या भोपळ्यावर कातडे ताणून केलेले हे एकवीस तारांचे वाद्य अंगठे व तर्जनींनी वाजवितात. क्युबाच्या बाजूने एलियादेस ओचोआ आहेत, जे 1996 च्या त्या स्टुडिओतही होते. त्यानंतर 2017 मध्ये क्युबाचे जाझ पियानोवादक ओमार सोसा आणि सेनेगलचे कोरावादक सेकू केइता यांनी ‘ट्रान्सपरंट वॉटर’ ही मुद्रिका केली. पियानो तिथे कोऱ्यासाठी जागा सोडीत चालतो, जणू थोरल्या भावाने वाट द्यावी.

हे सारे आमच्या एका सेवानिवृत्त स्नेह्यांस सांगितले, तेव्हा ते हसून म्हणाले, “पाहिलेत? कागद अडला म्हणूनच तर त्या म्हाताऱ्यांचे भाग्य उजळले. उगाच आपल्या खात्यांना नावे ठेवतात लोक!”

आम्हीही हसलो. परंतु रात्री झोप आली नाही. कोंपाय सेगुंदो आणि रूबेन गोन्झालेस 2003 साली गेले, इब्राहिम फेरेर 2005 साली. मालीची मंडळी क्युबाच्या कलावंतांबरोबर वाजवू लागली, तोवर या तिघांपैकी एकही उरला नव्हता. अडलेल्या कागदामुळे एक उत्तम गोष्ट घडली हे खरे; पण रूबेनच्या पियानोशेजारी कुयात्यांची न्गोनी त्या आठवड्यात कशी वाजली असती, ते आता कधीच कळावयाचे नाही. घडलेले सर्वांना ऐकू येते. न घडलेल्याची नोंद कुठल्याच दप्तरात होत नाही.

आमच्या टेबलावरचे असे एक प्रकरण आम्हांस ठाऊक आहे. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत वृद्ध कलावंतांच्या मानधनाचे अर्ज आमच्याकडे येत. एका सारंगीवादकाच्या अर्जास जन्मतारखेचा पुरावा नव्हता. आम्ही नियमानुसार त्रुटीचा शेरा मारून अर्ज परत केला. ते पुन्हा आले, पुन्हा परत गेले. तिसऱ्या खेपेस त्यांनी खांद्यावरची कापडी पिशवी सोडली आणि आत गुंडाळलेली सारंगी दाखवीत विचारले, “साहेब, वाजवून दाखवू का? वय यातूनच कळेल.” आम्ही घड्याळाकडे पाहिले आणि सांगितले की, येथे वाजविण्याची आवश्यकता नाही, दाखला आणावा.

दाखल्याऐवजी प्रतिज्ञापत्र चालेल, हा नियम आम्हांस पुढे सापडला. तो आधीपासूनच पुस्तकात होता. मंजुरीचे पत्र आमच्याच सहीने निघाले आणि तीन आठवड्यांनी टपालाच्या शेऱ्यासह परत आले. पत्ता बरोबर होता. घेणारा राहिला नव्हता.

त्यांच्या जागी दुसऱ्या कोणास तरी ते मानधन मिळाले असेल, आणि तोही पात्रच असेल. स्नेह्यांचा युक्तिवाद येथेही लागू करता येईल. आम्हांस तो करवत नाही.

‘आफ्रोक्युबिझम’मधील शेवटची रचना ‘ग्वांतानामेरा’ आहे. ती लागली की आमचे बोट आपोआप खुर्चीच्या हातावर मात्रा मोजू लागते. कोरा वाजतो, गिटार वाजते, चौदा वर्षे लांबलेली भेट पुरी होते. आणि प्रत्येक वेळी आम्हांस ती कापडी पिशवी आठवते. तिची गाठ अर्धीच सुटली होती.