क्योतोहून तीन पत्रं

क्योतो, 11 जुलै

ती. आई-बाबांना सा. न.

इथल्या गिओन या रथांच्या उत्सवाची तयारी सुरू झाली आहे. लाकडी बांधकामाचा अभ्यास करायला आलास ना, मग आधी रस्त्यावर जाऊन बघ, असं आमच्या सरांनी सांगितलं. कालपासून शिजो रस्त्यावरच आहे. इथे कितीतरी जुन्या पेठांचा स्वतःचा रथ असतो. मोठ्या रथाला होको म्हणतात. वरच्या खांबाच्या टोकापर्यंत तो 25 मीटरच्या आसपास जातो, आणि त्याचा सांगाडा एकही खिळा न मारता, फक्त गवताच्या दोरीने बांधतात. एक म्हातारे कारागीर दोरी ओढून धरत होते आणि दुसरा लाकडी हातोडीने ठोकून ती घट्ट बसवत होता. वेढ्यावर वेढा इतका सारखा की मधे नख शिरणार नाही, आणि शेवटी त्याच दोरीचा फुलपाखरासारखा आकार. मी जवळ उभा राहून विचारलं, दोरीच का? रथ चालताना लाकूड हलायला हवं, म्हणाले. खिळ्याने जखडलेला सांधा वळणावर फुटतो.

इथल्या ज्या घराण्यांची या उत्सवावर श्रद्धा आहे ती महिनाभर काकडी खात नाहीत. काकडीचा काप, ज्या यासाका देवळाचा हा उत्सव आहे, त्याच्या चिन्हासारखा दिसतो म्हणून. आई, चातुर्मासात तू कांदा-वांगं सोडतेस ते इथे कोणालाही चटकन समजेल.

क्योतो, 18 जुलै

ती. आई-बाबांना सा. न.

काल मी रथ ओढला. पेठांमधली जुनी घरं जाऊन कचेऱ्या आणि इमारती आल्या, राहणारी माणसं कमी झाली; त्यामुळे ओढायला आता विद्यार्थीही घेतात. आमच्या दोरावर चाळीस-पन्नास जण होतो. वर पंखे हलवणारे दोघं आरोळी देतात, त्या तालावर सगळ्यांनी एकदम ओढायचं. पायात गवती चपला, अंगाला घामाची धार.

बाबा, तुम्हाला मुख्य सांगायचं ते चौकातल्या वळणाचं. रथाचं वजन बारा टनांच्या घरात, चाक माणसाहून उंच, आणि आस अशी पक्की की चाक वळतच नाही. चौक आला की पुढच्या चाकांखाली बांबूच्या फाकी अंथरतात, वर पाणी ओततात आणि रथ बाजूला ओढून घसरवतात. पहिल्या हिसक्यात थोडा, दुसऱ्यात आणखी थोडा. रथ डोलतो, वरचे वादक वाजवणं थांबवत नाहीत, आणि गर्दीतून जो आवाज उठतो तो अजून कानात आहे. सरळ रस्त्यावर दिशा सांभाळायला चाकांपाशी काही माणसं लांब दांड्याची पाचर घेऊन चालतात. ती बघितली आणि मी थबकलोच. ही आपली मोगरी! अप्पा महाराजांनी 1872 साली सुरू केलेल्या आपल्या जळगावच्या रथालाही मोगरीवालेच वळवतात, तेही चाकाखाली हात घालायची जोखीम घेऊन. शेजारच्या विद्यार्थ्याला मी मोडक्या जपानीत हे सांगितलं, तर त्याने चाकांजवळच्या माणसांना बोलावून मला पुन्हा सांगायला लावलं.

आणखी एक. मिरवणुकीच्या आदल्या रात्री पेठा आपल्या वस्तू मांडतात. रथांना लावायच्या कापडांत बेल्जियमचे जुने पडदे आहेत, आणि सतराव्या-अठराव्या शतकात आपल्या दख्खनमध्ये विणलेले गालिचेही. डच जहाजांतून नागासाकीला आले आणि इथल्या व्यापाऱ्यांनी घेऊन देवाला वाहिले. विणणाऱ्याचं नाव आपल्याकडे कुणालाच ठाऊक नाही. इथे त्याचं काम पिढ्यान्‌पिढ्या जपलंय.

हा उत्सव 869 साली साथ आली तेव्हा सुरू झाला. देशाचे 66 प्रांत, म्हणून 66 भाले उभारून रोग जावा अशी प्रार्थना केली. रस्त्यातली रोगराई रथ गोळा करतात ही श्रद्धा, म्हणून मिरवणूक संपली की त्याच दिवशी ते उतरवायला घेतात. संध्याकाळी दोऱ्या कापताना मीही हात लावला.

क्योतो, 17 ऑगस्ट

ती. आई-बाबांना सा. न.

काल पितरांना निरोप दिला. ओबोन म्हणजे इथला पितृपंधरवडा, फक्त चार दिवसांचा. शेवटच्या रात्री शहराभोवतीच्या पाच डोंगरांवर होळ्या पेटवून पितरांना वाट दाखवतात. पाइनच्या लाकडी फळीवर गेलेल्या माणसाचं नाव लिहून दिलं की ती त्या आगीत घालतात. मी आजोबांचं नाव लिहिलं, देवनागरीत. घेणाऱ्या आजींनी अक्षरांवरून बोट फिरवलं, काही न विचारता फळी दोन्ही हातांनी घेतली आणि इतरांच्या फळ्यांवर ठेवली. रात्री आठला डोंगरावर होळ्यांनी आखलेलं पहिलं अक्षर पेटलं तेव्हा मी नदीकाठी हात जोडून उभा होतो.

कार्तिकी एकादशीला आपला रथ निघेल तेव्हा मी घरी नसेन. बाबा, एक काम करा. इथे रथ बांधायच्या, ओढायच्या बऱ्याच रीती पेठांनी लिहून, चित्रं काढून ठेवल्या आहेत. 1864 च्या आगीत जळालेला एक रथ अशा जुन्या नोंदींच्या मदतीने 2014 मध्ये पुन्हा रस्त्यावर आला. आपल्याकडे मोगरी कधी, कुठल्या कोनात लावायची हे ज्यांना कळतं ते आता थकलेत. रथाच्या आधीच त्यांच्याकडे जाऊन बसा, विचारा, आणि सगळं वहीत उतरवून ठेवा.